सोळा आण्यांची साखळी

बांध एका रात्रीत सरकत नाही. नांगरटीचं शेवटचं तास बांधाला चाटून जातं, कुळवाच्या पाळीत चार ढेकळं सुटून खाली येतात, पावसाळ्यात कड ढासळते आणि पुढच्या पेरणीला ती माती वहितीत मिसळून गेलेली असते. वर्षाला चार बोटं धरली तरी वीस वर्षांत सव्वातीन हात रान इकडचं तिकडे होतं. कोणी केलं, कधी केलं, मुद्दाम केलं की बैलांनीच ओढ घेतली, याला साक्षीदार नसतो. विदर्भात या पट्टीला धुरा म्हणतात, कोकणात भातखाचराची मेर असते नाहीतर दगडी गडगा असतो. भांडण सगळीकडे तेच.

या भांडणात न्याय कोणी द्यायचा, कशाच्या आधारावर द्यायचा आणि हरलेल्याने नंतर काय करायचं, याची उत्तरं महाराष्ट्रात दोनशे वर्षांपूर्वी पार बदलली. त्याआधी बांध शेजाऱ्यांच्या आठवणीत असायचा. नंतर तो सरकारी दप्तरात गेला. या बदलाचा मुख्य टप्पा १८२८ ते १८४७ या वीसेक वर्षांत पार पडला आणि त्यातला बराचसा पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात. आज तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बांधाची तक्रार घेऊन बसलेल्या माणसाची निम्मी अडचण त्या वीस वर्षांत जन्मलेली आहे, असं माझं मत आहे. ती अडचण काय, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या वादाला वीसेक श्लोक दिलेले आहेत आणि शेतीची चांगली जाण असलेल्या माणसानेच ते रचले असावेत. सीमेचा वाद ज्येष्ठात सोडवावा, कारण तेव्हा रान उघडं असतं आणि खुणा दिसतात, हे त्यातलं पहिलं सांगणं. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावर अशी दीर्घकाळ टिकणारी झाडं लावावीत. ती तोडली जाणार हे गृहीत धरून जमिनीखालीही खुणा पुराव्यात: दगड, हाडं, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू. माती ज्यांना लवकर खात नाही अशा वस्तू. साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, लाल वस्त्र नेसून, गळ्यात लाल माळ घालून शीव दाखवावी. गावातले साक्षीदार नसतील तर शेजारच्या गावांना विचारावं, आणि तेही नसतील तर पारधी, फासेपारधी, गुराखी, कोळी, कंदमुळं खणणारे, साप धरणारे यांना. म्हणजे रानात रोज पायी फिरणाऱ्यांना. दांडगाई करून दुसऱ्याचं शेत, घर किंवा तळं बळकावणाऱ्याला ५०० पण दंड, अजाणता घेतलं असेल तर २००. जाणूनबुजून आणि चुकून यांतला हा फरक आजच्या बांधाच्या अर्जात कोणी करत नाही. तिथे प्रत्येक शेजारी दांडगाच असतो.

याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, आजच्या बसवकल्याणला. त्यामुळे दख्खनच्या शास्त्री-पंडितांना हा सीमावादाचा विचार घरचाच होता. गावात मात्र शास्त्राची पोथी कोणी उघडत नसे. तिथे गोत बसे.

मराठेशाहीतली निवाड्याची रीत कागदपत्रांतून बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली छापलेल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली आहे. फिर्याद घेऊन येणारा तो अग्रवादी, ज्याच्यावर फिर्याद तो पश्चिमवादी. दोघांकडून आधी राजीनामा लिहून घेत: या सभेचा निर्णय आम्हाला मान्य राहील. जोडीला जामीन. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या, आणि लेखी करीने. मग साक्षी. सभेत पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार, शेजारच्या गावांचे पाटील आणि वाद मोठा असेल तर परगण्याचे देशमुख-देशपांडे. निर्णयाचा महजर होई आणि त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. लिहिता न येणाऱ्या पाटलाची निशाणी नांगर, बाकीच्यांच्या आपापल्या हत्याराच्या. साक्षीपुराव्याने निकाल लागेना तर दिव्य: तापलेल्या तेलातून धातूचा रवा काढणं, किंवा देवळात नाहीतर नदीकाठी बेलभंडार उचलून शपथ. गुजरातकडे शिवेच्या वादात गाईचं ओलं कातडं पांघरून शिवेवरून चालवत असल्याच्या नोंदी इंग्रज अंमलदारांनी केल्या आहेत.

या सगळ्यात महाराची साक्ष वजनदार. गावाची शीव कुठून कुठे जाते, कुठला धोंडा मूळचा आणि कुठला नंतर आणून टाकलेला, हे महाराला ठाऊक असणं हे त्याच्या वतनी कामातच मोडत असे. ज्याला गावकुसाबाहेर ठेवलं त्याच्याच शब्दावर गावाच्या शिवा ठरवायच्या, ही या व्यवस्थेतली मोठी विसंगती. या वतनाच्या जोखडाविरुद्ध पुढे डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडलं आणि स्वातंत्र्यानंतर ही वतनं कायद्याने गेली. तेव्हा जुनी गोतसभा म्हणजे काही रामराज्य नव्हतं. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी असे दोन्हीकडून पैसे घेतले जात. वजनदार देशमुखापुढे गरीब कुणब्याची तकरीर कितपत टिकत असेल, हे वेगळं सांगायला नको. एकदा निवडलेला वाद दोन पिढ्यांनी पुन्हा उकरला गेल्याची उदाहरणंही दप्तरांत भरपूर आहेत.

पण एक कागद असा होता की जो पुढच्या कुठल्याच पद्धतीत उरला नाही. यजितपत्र. हरलेला पक्ष जिंकलेल्याला हे लिहून देई: माझा दावा खोटा ठरला, यापुढे मी किंवा माझे वंशज हा कज्जा काढणार नाही. सभेने निकाल दिला एवढ्यावर काम संपत नसे. हरलेल्याने तो स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा आणि तो कागद जिंकलेल्याच्या घरी ठेवायचा. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघांना एकाच पाणंदीने बैल न्यायचे असत आणि एकमेकांच्या मळणीला जायचं असे. गोतसभेला हे माहीत होतं, कारण सभेतली माणसंही त्याच पाणंदीची होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बांधाची चार बोटं तेव्हा फार महत्त्वाची नव्हती. जमीन मोजली जात होती. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी होती, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. पण प्रत्यक्षात बिघा हलक्या रानात मोठा आणि भारी रानात लहान असा बदलत राहिला, कारण तो सारा ठरवण्यासाठी होता, हद्द ठरवण्यासाठी नव्हे. शिवाय पडीक जमीन मुबलक आणि कसणारे हात कमी. मिरासदाराला, म्हणजे वंशपरंपरेने जमीन असलेल्याला, आपल्या थळाच्या कडा माहीत असत, उपरी कुळ तर आज इथे तर उद्या तिथे. शेतं आकड्यांनी नव्हे तर नावांनी ओळखली जात.

१८१८ साली पेशवाई गेली. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने पुढच्याच वर्षी दिलेल्या अहवालात पंचायतीच्या न्यायाबद्दल बरे शब्द लिहिले आणि ती टिकवण्याचा प्रयत्नही केला. पण १८२७च्या त्याच्याच नियमावलीने दिवाणी कोर्टांची उतरंड उभी केली आणि पंचायत ऐच्छिक झाली. ज्याला पंचायतीत हरण्याची भीती, तो कोर्टाकडे जाणार. पंचायत अशीच मोडली.

कंपनीला न्यायापेक्षा साऱ्याची घाई होती. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण मुलकी अधिकाऱ्याने १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे भागात मोजणी सुरू केली. प्रिंगल रिकार्डोच्या अर्थशास्त्राने भारलेला. प्रत्येक शेताचं उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे. कागदावर हिशेब देखणा होता. मोजणी आणि प्रतवारी करणारे कारकून मात्र लाच घेऊन काळ्या रानाला मुरमाड आणि मुरमाडाला काळं लिहीत होते, आणि धान्याचे भाव पडत चालले होते. सारा झेपेना. इंदापुरातली कुळं घरंदारं टाकून निजामाच्या मुलखात गेली, शेतं ओस पडली. माणूसच उरला नाही तिथे बांधावरून भांडणार कोण!

१८३५ साली इंदापूरला दोन अधिकारी आले: मुलकी खात्यातला हेन्री गोल्डस्मिड आणि इंजिनियर दलातला लेफ्टनंट जॉर्ज विंगेट. दोघेही विशीतले. त्यांच्याबरोबर लेफ्टनंट नॅश. निव्वळ उत्पन्नाचं तत्त्वज्ञान त्यांनी बाजूला ठेवलं आणि रान कसं आहे, पूर्वी किती वसूल होत होतं, बाजार किती लांब, असे साधे प्रश्न विचारले. सारा उतरवला आणि तो तीस वर्षांसाठी बांधून दिला. गेलेली कुळं परत येऊ लागली. इंदापूरचं यश पाहून हीच पद्धत इतर तालुक्यांत नेली आणि १८४७ साली विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन यांनी मिळून तिचे नियम अहवालरूपाने पक्के केले. महाराष्ट्रातला ‘सर्व्हे नंबर’ तो हा.

ही मोजणी कशी होत असे? साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचं. रुपयाचे सोळा आणे सगळ्यांना पाठ होते, म्हणून शिकवायला सोपं. साखळी लांब आणि साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत झेंडे लावून सरळ रेघ धरायची आणि तिच्यावर साखळी टाकत जायचं. कडेचा कोपरा आला की शंकूतून काटकोन पाहायचा, म्हणजे काठीवर बसवलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या दोन फटींतून, आणि त्या कोपऱ्यापर्यंतचं आडवं अंतर मोजायचं. अशा त्रिकोण-चौकोनांत शेत फोडून क्षेत्र काढायचं आणि आकृती, आकडे टिपणाच्या वहीत मोडी लिपीत उतरवायचे. टिपण काढणारा उन्हात उभा, साखळी ओढणारे दोघे काट्याकुट्यातून चाललेले, आणि शेतमालक मागे मागे, आपल्या नावावर किती गुंठे चढतात या काळजीत. जास्त भरलं तर सारा जास्त. त्या काळी आपलं रान कमी भरावं अशी शेतकऱ्याची इच्छा असायची, हे आजच्या मोजणीला उभ्या असलेल्या माणसाला खरं वाटणार नाही.

नंबराच्या कोपऱ्यांवर मातीचे ढिगारे आणि दगड उभे करायचे, दोन नंबरांमधली पट्टी नांगरायची नाही. प्रत्येक नंबराचा आकार साधारण एका बैलजोडीला झेपेल एवढा: हलक्या जिरायतीत वीस एकरांच्या आसपास, भारी काळ्या रानात बारा, भातजमिनीत चार. शेतकऱ्याला दरवर्षी हवा तो नंबर ठेवण्याची किंवा सोडून देण्याची मुभा. सारा नंबरावर, माणसावर नाही.

आता इथे पेच आहे. हा नंबर साऱ्याचं माप म्हणून आखला होता. एखाद्या शेतकऱ्याचं रान त्या मापाहून लहान असलं तर शेजारच्या लहान तुकड्यांसह ते एकाच नंबरात घातलं जाई. बाहेरची हद्द साखळीने मोजली, टिपणात आली, तिच्यावर दगड बसले. आतला भाऊबंदांमधला किंवा दोन शेजाऱ्यांमधला बांध मात्र कागदावर आलाच नाही. सरकारला त्याची गरज नव्हती. सारा एकूण नंबराचा मिळाला की झालं. भांडणं तर जास्त त्याच बांधावर होणार होती. मोठ्या शेजाऱ्याच्या हद्दीला सरकारी दगडाचं संरक्षण मिळालं आणि छोट्याच्या बांधाला जुनी आठवणच पुरावा उरली. ती आठवण सांगणारी गोतसभा तर तोवर गेलेली होती. सर्व्हेच्या कौतुकाचे जे अहवाल इंग्रजांनी लिहिले त्यांत या गोष्टीला पुरेशी जागा नाही.

कायदा मग हळूहळू या मोजणीभोवती बांधला गेला. १८६५च्या मुंबई सर्व्हे कायद्याने आणि १८७९च्या मुंबई जमीन महसूल संहितेने हद्दी ठरवण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांकडे दिला. हद्दीच्या खुणा शाबूत ठेवण्याची, मोडल्या तर दुरुस्त करण्याची जबाबदारी लगतच्या खातेदारांवर आली, आणि त्या मोडणाऱ्याला दंड. सरकारी अधिकाराने लावलेली हद्दीची खूण हलवणं हा १८६०च्या भारतीय दंड संहितेखालीही गुन्हा होता, एक वर्षापर्यंत कैदेचा. म्हणजे दगड हलवला तर तुरुंग. दगडाला हात न लावता त्याच्या बाजूचं तास रोज थोडं आत घेतलं तर मात्र दिवाणी दावा.

दिवाणी दावा म्हणजे काय, याचं चित्र महात्मा फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये रंगवलेलं आहे. बांधावरून किंवा सामाईक विहिरीच्या पाणपाळीवरून दोन शेतकऱ्यांत तंटा होतो. गावचा कुलकर्णी आधी एकाच्या घरी जातो आणि त्याला चढवतो, मग दुसऱ्याच्या घरी जाऊन त्यालाही तसंच. अर्ज लिहिण्याचे पैसे वेगळे, कचेरीतल्या कारकुनांचे वेगळे, वकिलाचे वेगळे. शेवटी दोघांचीही शेतं सावकाराकडे जातात. फुल्यांचा सगळा राग ब्राह्मण कारकुनावर आहे आणि तो रागही निराधार नव्हता. पण त्यांच्या वर्णनातून आणखी एक गोष्ट दिसते. निवाड्याची जागा गावातून उठून तालुक्याला गेली होती, आणि तिथवर पोचायचं तर वाटेत कोणाला तरी पैसे द्यावे लागत होते. इंदापूरची तीस वर्षं १८६७ला संपली, फेरमोजणीत सारा वाढला, कापसाचा भाव कोसळला आणि १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्याच सुप्यात सावकारांच्या वह्या जळू लागल्या. त्या वह्यांमधल्या काही कर्जांचा उगम बांधाच्या कज्ज्यात असेल, असं फुले वाचताना वाटतं.

शेजारधर्माचा उरलेला भाग, म्हणजे वाट, पाणी, झाड, उजेड, कायद्यात आला तो १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने. आधी तो मद्रास आणि मध्य प्रांतासारख्या भागांत लागू झाला आणि मुंबई इलाख्यात १८९१ साली आला. इंग्लंडच्या कोर्टांतली तत्त्वं त्यात कलमांच्या रूपात मांडलेली आहेत, पण आपल्या शेतकऱ्याला ती परकी वाटू नयेत अशी आहेत. वरच्या शेतात पडलेलं पावसाचं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या शेतात येणार आणि खालच्याने ते अडवायचं नाही. आपल्या रानात खणायचं तर शेजाऱ्याची जमीन ढासळेल एवढं कडेला खणायचं नाही, कारण तिला आपल्या मातीचा आधार आहे. एखाद्या वाटेने वीस वर्षं उघडपणे, भांडण न होता, परवानगी न मागता, हक्काने ये-जा केली असेल तर ती वहिवाट कायद्याची होते. शेजाऱ्याने सहज म्हणून जाऊ दिलं असेल तर होत नाही. हे कलम कळल्यापासून कित्येक शहाण्या शेतकऱ्यांनी शेजाऱ्याला जाऊ देणंच बंद केलं. चांगुलपणाचा हक्क होऊ नये म्हणून चांगुलपणाच आवरता घेणं हा त्या कायद्याचा कोणी न योजलेला परिणाम. बांधावरच्या झाडाची फांदी शेजारी कितीही वर्षं झुकलेली असली तरी ती तशी ठेवण्याचा हक्क मिळत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरवलं. त्या फांदीची फळं मात्र कोणाची, यावर गावोगाव अजून वाद आहे.

दिवाणी कोर्टाच्या लांबणीवर उतारा म्हणून मामलेदारांना झटपट निकालाचा अधिकार दिलेला होता. १८६४ आणि १८७६ नंतर १९०६ साली आलेला मामलेदार कोर्ट कायदा आजही चालू आहे. शेजाऱ्याने वहिवाटीची वाट अडवली, ओघळाचं पाणी बंद केलं, तर सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे जायचं. त्याने जागेवर येऊन अडथळा काढायला लावायचा. मालक कोण हे तो ठरवत नाही, काल काय चालू होतं एवढंच पाहतो. हा कायदा मला या सगळ्या मालिकेतला सर्वांत व्यवहारी वाटतो, कारण पेरणी तोंडावर आलेल्या माणसाला मालकीचा इतिहास नको असतो, आज बैल नाहीतर ट्रॅक्टर आत न्यायचा असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या १४३व्या कलमाने, ज्याला आपल्या रानात जायला वाटच नाही त्याला दुसऱ्याच्या बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला दिला. त्या निर्णयाविरुद्ध वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो, आणि तो लावलाही जातो.

दरम्यान बांध वाढत चालले होते. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून १९१७ साली तो छापला. या गावात १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर होती, पेशवाई गेली तेव्हा १७.५ एकर, आणि १९१५च्या सुमारास सात एकर. गावातल्या १५६ खातेदारांचे सातशेच्या वर तुकडे होते आणि त्यांतले निम्म्याहून जास्त एकराच्या आतले. चाळीस एकरांच्या रानाला चार बोटं गेली तर कळत नाही. अर्ध्या एकराच्या पट्टीत दोन्हीकडून चार-चार बोटं गेली की काकरी कमी होते आणि घरात बोलणी बसतात. पिंपळे सौदागरात आज टोलेजंग सोसायट्या आहेत. तिथे आता भांडण पार्किंगच्या पट्ट्यावरून होतं.

हक्कनोंदीचा कायदा १९०३ला आला, १९१३ला महसूल संहितेत मिसळला. अँडरसन नावाच्या महसूल अधिकाऱ्याने गाव नमुने बसवले, त्यांतले सात आणि बारा एकत्र होऊन सगळ्यांच्या परिचयाचा सातबारा झाला. त्यात नाव असतं, क्षेत्र असतं, बोजा असतो, हद्द नसते. ती टिपणात, फाळणी नकाशात किंवा गटाच्या नकाशात. दुसऱ्या कार्यालयात. पोटहिस्स्यांची मोजणी पुढे झाली, पण वाटण्या मोजणीपेक्षा कायम वेगाने होत राहिल्या. भावांनी तोंडी वाटून घेतलं, बांध टाकला, सातबाऱ्यावर निम्मे निम्मे लागलं. नकाशावर तो बांध नाहीच.

१९४७च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याने विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडायचं ठरलं. कल्पना बरोबर होती. अंमलबजावणीत मात्र कित्येक ठिकाणी कागदावर अदलाबदल झाली आणि ताबा जुनाच राहिला. वडिलांच्या काळापासून ज्या विहिरीवर मोट हाकली ती विहीर एके दिवशी शेजाऱ्याच्या गटात निघाली आणि शेजाऱ्याचा खडक आपल्या नावावर. दोघेही आपापलं जुनंच रान कसत राहिले, नातवंडांच्या हाती सातबारा पडला तेव्हा आग लागली.

आता हद्दकायम मोजणीला भूकरमापक येतो तो रोव्हर घेऊन. उपग्रहाच्या आधाराने बिंदू काही सेंटिमीटरांत मिळतो. पण यंत्र फक्त आपण उभे आहोत ती जागा सांगतं. हद्द कुठे, हे अजून मूळ टिपणावरूनच काढायचं असतं, आणि ते टिपण सोळा आण्यांच्या साखळीने, कदाचित बाभळीला वळसा घालून, कोणी तरी दीडशे वर्षांपूर्वी काढलेलं. कोपऱ्यावरचा दगड मूळ जागी असेल तर दोन्ही जुळतात. नसेल तर कुठल्या शेजारच्या नंबरावरून आधार घ्यायचा हे भूकरमापक ठरवतो, आणि नाराज बाजू निमताना मोजणीचा अर्ज करते. ती वरच्या अधिकाऱ्याने येऊन करायची. त्यावरही नाराजी असेल तर सुपर निमताना. तोवर पहिल्या मोजणीच्या खुणा उपटलेल्या असतात.

गटांच्या घोळावर उपाय म्हणून राज्य सरकारने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षं असेल, तर दोघांनी अदलाबदलीचा दस्त करावा. मुद्रांक शुल्क नाममात्र एक हजार रुपये, नोंदणी फी एक हजार. त्याआधी तलाठ्याने जागेवर जाऊन पंचनामा करायचा, त्यावर आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. क्षेत्र कमी-जास्त असलं तरी चालतं. कोर्टात तीस वर्षं अडकलेली प्रकरणं यात दोन हजारांत मिटू शकतात. अट मोठी एकच आहे. दस्तावर दोघांच्याही सह्या लागतात, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोघांनी हजर राहावं लागतं.